चिंचोक्यांचे सर

आमच्या सरांबद्दल गावात कुणी चांगलं बोललेलं मी ऐकलं नाही. त्यांचं वाईट करणाऱ्यांत माझा नंबर पहिला. म्हणजे तोंडानं मी एक अक्षर बोललो नाही, मी लिहून दिलं. ते पुढे येईलच. आधी माणूस कसा होता ते सांगतो. सांगण्याचा हक्क मला आहे असं नाही, पण दुसरं कुणी सांगणारही नाही, म्हणून.

ते अकोले तालुक्यातले, डोंगरातले. आम्ही जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचे, पाथर्डीच्या पुढचे. जिल्हा म्हणायला एक. तिकडे भाताची खाचरं आणि इकडे टँकर येणार की नाही याची चर्चा. आमच्या शाळेत अकरावी-बारावीला विज्ञान सुरू झालं, जीवशास्त्राला कुणी टिकेना, तेव्हा हे आले. बरोबर एक पत्र्याची पेटी, तांदळाचं एक पोतं आणि एक आखूड काठी, तिच्या टोकाला सायकलच्या पायडलचं रबर बसवलेलं. पन्नाशीला आलेले, लग्न नाही, आणि अंगात कायम एकच तपकिरी स्वेटर, भर मे महिन्यातसुद्धा. कुणी विचारलं तर म्हणायचे, "उकडतंय की गार वाटतंय ते माझी कातडी ठरवील. तुमची कशाला मध्ये पडते?"

तोंड फार वाईट होतं त्यांचं. शिव्या नसायच्या, शिव्या परवडल्या असत्या. फळ्यापाशी कुणी अडखळला की म्हणायचे, "तुझ्या डोक्यात पेशी भरपूर आहेत. पण एक दुसरीशी बोलत नाही. नुसती भावकी आहे." वर्ग हसायचा. ज्याला म्हटलं तो हसायचा नाही, कारण त्याच्या घरी खरोखर बांधावरून चुलत्यांशी अबोला असायचा. सरांना ते माहीत असायचं असा माझा तेव्हाही संशय होता आणि अजून आहे.

"समजलं सर" म्हणायला त्यांच्या वर्गात बंदी होती. कुणी चुकून म्हटलंच तर खडू त्याच्या हातात देऊन स्वतः त्याच्या बाकावर जाऊन बसायचे. "मग सांग. मी आता तू." पोरगं घामानं भिजायचं आणि सर मात्र गालाला हात लावून, खऱ्या विद्यार्थ्यासारखे, वाट पाहत बसायचे. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. त्यांना वेळेची पर्वा नव्हती आणि माणसाच्या अब्रूची तर अजिबात नव्हती.

पुस्तक इंग्रजी होतं. त्यांनी ते पहिल्याच दिवशी मिटलं आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी वावरातून कांद्याचा एक डेंगळा उपटून आणला. बियाण्यासाठी राखलेला, कमरेएवढा उंच, वर पांढऱ्या फुलांचा गोंडा. मागोमाग शेतकरी शिव्या देत दारात. सरांनी त्याला वर्गात बसवून घेतलं. "बसा. तुमच्याच मालावर धडा आहे."

"ही चेतापेशी," डेंगळा हातात धरून ते म्हणाले. "खाली या मुळ्या, या निरोप घेतात. हा कांदा, हे पेशीचं घर. हा लांब दांडा, हा निरोप पुढे नेतो. वरचा गोंडा तो सोडतो. तुमच्या कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत असा एकेका पेशीचा एकच दांडा जातो. जाडी दिसणार नाही इतकी, आणि लांबी मोजायला शिंप्याची टेप लागेल. दांड्यावर चरबीचं वेटोळं असतं, तुकड्यातुकड्यानं. निरोप त्यावरून चालत जात नाही, उड्या मारत जातो. आता सांगा, हा गोंडा पुढच्या कांद्याच्या मुळ्यांना चिकटलेला असतो का?"

आम्ही एका सुरात म्हणालो, "हो सर."

"नाही. मध्ये फट असते. डोळ्याला दिसत नाही, पण असते. दोन पेशी कधी एकमेकींना शिवत नाहीत. जगातलं सगळं चालणं, बोलणं, गिळणं त्या फटीवरून उडी मारून होतं." शेतकरी म्हणाला, "आन् माझं बी?" सर म्हणाले, "तुमचंही." त्या बिचाऱ्याला आपलं कांद्याचं बी म्हणायचं होतं.

ती उडी शिकवण्यासाठी त्यांनी आम्हाला मैदानावर रांगेत उभं केलं. दोघांत एक हात अंतर. प्रत्येकाच्या उजव्या मुठीत चिंचोके, डावा हात ओंजळीसारखा मागच्याकडे उघडा. सर पहिल्याच्या पाठीत धपाटा घालायचे, त्यानं जागच्या जागी चार पावलं पळायचं आणि मुठीतले चिंचोके पुढच्याच्या ओंजळीत टाकायचे. पुढच्यानं मोजायचे. "चार आले तर हलायचं नाही. पाचवा आला की पळायचं, सगळं बळ लावून. अर्धवट पळायचं नाही. पेशी अर्धवट काही करत नाही, अर्धवटपणा फक्त माणसात असतो." शेवटचा पोरगा घंटा वाजवायचा. मग सगळ्यांनी खाली सांडलेले चिंचोके वेचायचे, वेचल्याशिवाय दुसरा निरोप सोडायचा नाही. घंटा वाजली की हेडमास्तर ओरडायचे, कारण निम्मी शाळा सुटली समजून घरी निघायची. गावात त्यांचं नाव 'चिंचोक्यांचे सर' पडलं ते तेव्हापासून. काही लोक नुसतं 'चिंचोका' म्हणायचे.

आणि ती रबराची काठी. चहाच्या टपरीवर कुणी पाय खाली सोडून बसलेलं दिसलं की सर वाकून त्याच्या गुडघ्याखाली टकदिशी मारायचे. पाय उडाला की समाधान पावून चहा घ्यायचे. एकदा विज्ञान प्रदर्शनात त्यांनी हा प्रयोग थेट संस्थेच्या अध्यक्षांवर केला. अध्यक्ष पांढऱ्या कपड्यांत, खुर्चीवर पायावर पाय टाकून. सरांनी काठी मारली, पाय उडाला आणि अध्यक्षांची चप्पल हार-नारळाच्या ताटात जाऊन पडली. सर शांतपणे म्हणाले, "घाबरू नका साहेब. यात तुमच्या मेंदूचा काही संबंध आला नाही. निरोप कण्यापर्यंत गेला आणि तिथूनच हुकूम घेऊन परत आला. मेंदूला नंतर कळतं." पोरं गडबडा लोळली. अध्यक्षही हसले. तसं हसणारी माणसं काही विसरत नाहीत.

हे सगळं मी रोज घरी येऊन वहिनीला सांगायचो. माझ्या थोरल्या भावाची बायको. वडील लवकर गेले, आई दम्यानं वाकलेली, मला न्हाऊ-खाऊ घालून शाळेत पाठवलं ते वहिनीनं. दिवाळी झाली की दादा आणि ती कारखान्यावर ऊस तोडायला जायची, आणि पावसाळ्यात घरी असायची. ती सातवीपर्यंत शिकलेली. भाकरी थापता थापता विचारायची, "आज काय केलं भावजी तुमच्या येड्यानं?" मी सांगायचो. ती हसायची, आणि मग जरा वेळानं असा एखादा प्रश्न टाकायची की मला दुसऱ्या दिवशी तो सरांना विचारावा लागायचा. एकदा तिनं विचारलं, "मंग इच्चू-साप चावल्यावर ह्यातलं काय बिघडतं?" मी तो प्रश्न माझा म्हणून वर्गात विचारला.

सर त्या दिवशी खुश झाले, जे क्वचित व्हायचे. म्हणाले, "नाग पुढच्याची ओंजळ बुजवतो. चिंचोके पडतात, पण झेलायला जागा नाही. मण्यार त्याहून वाईट. ती टाकणाऱ्याची मूठच रिकामी करते. मेंदू हुकूम सोडतो, दांडा तो नेतो, पण मुठीत काही नाही. स्नायू वाट बघत राहतो. आधी पापण्या, मग जीभ, गळा, शेवटी छाती. आणि डोकं? डोकं पूर्ण जागं. मूठ पुन्हा भरायला दिवस लागतात. तोवर त्याचा श्वास दुसऱ्या कुणी घ्यायचा." मी ते जसंच्या तसं वहीत उतरवलं. शेजारी आकृती काढली, रंगीत पेन्सिलींनी. सरांनी खाली लिहिलं, दहापैकी दहा. अख्ख्या दोन वर्षांत त्यांनी कुणाला दहा दिले असतील तर ते मला. आग लागो त्या दहा मार्कांना.

श्रावणातली गोष्ट. पहाटे वहिनी पोट धरून उठली. उलटी झाली. पित्त असेल म्हणून आईनं ओवा दिला. घरात सगळे भुईवरच झोपायचो. दिवस उजाडल्यावर दादानं कणगीच्या मागे काळी, पांढऱ्या पट्ट्यांची शेपूट सरकताना पाहिली. वहिनीच्या अंगावर कुठे दात नाही, सूज नाही, दुखणं नाही. नुसत्या पापण्या जड. "झोप यायलीय," म्हणत होती.

आमच्याकडे कुणाला साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. पान लागलं की माणसाला मारुतीपुढे आणून निजवायचं आणि कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचा. गोड लागला तर विष चढलंय, कडू लागला तर काही नाही. पिढ्यान्पिढ्या हेच चालत आलंय. वहिनीनं पाला चावला, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाली, "कडू लागतंय." बास. सगळ्यांच्या जिवात जीव आला. पुजारी म्हणाला, "बिनविषारी हुतं. पडू द्या तिला जरा." कुणीतरी चहा आणला. मी त्या घोळक्यात उभा होतो. पापण्या जड झालेल्या मी पाहत होतो. वहीतलं पान मला डोळ्यांसमोर दिसत होतं, पेन्सिलीच्या रंगांसकट. पण एवढी माणसं, पांढऱ्या केसांची, सगळी निर्धास्त. मी कोण सांगणार? मी चहा प्यालो.

अर्ध्या तासात तिचा आवाज नाकातून यायला लागला. मग जबडा सुटला. मग ती हलेना. दादानं तिचे खांदे गदागदा हलवले आणि माझ्याकडे वळला. "तू शिकलाय. बघ तू. हाय का गेली?"

आता मला विचारलं होतं. मी गुडघ्यावर बसलो, मोबाईलची बत्ती लावली, तिची पापणी वर केली आणि उजेड डोळ्यात मारला. बाहुली हलली नाही. दुसऱ्या डोळ्यात मारला. नाही हलली. बाहुलीवर उजेड टाकून पाहतात हे मला पुस्तकातून माहीत होतं, म्हणून मी बाहुली पाहिली. नाडी पाहिलीच नाही. नाकापुढे हात धरला नाही. उठलो आणि म्हणालो, "गेली."

आईनं हंबरडा फोडला. दादा मटकन खाली बसला, मग कुणाला तरी म्हणाला, लाकडांचं बघा. तेवढ्यात सर आले. टपरीवर ऐकून चालत आले होते, पायात एकच चप्पल. कुणाशी न बोलता ते वहिनीजवळ बसले, गळ्याला दोन बोटं लावली, कान नाकाशी नेला.

"कोण म्हणालं गेली?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातली बत्ती अजून चालूच होती.

"बाहुली पाहिलीस? बाहुली आकसायलाही स्नायूच लागतो, मूर्खा. काळीज चालू आहे तिचं." आणि त्यांनी तिची मान मागे केली, नाक चिमटीत धरलं आणि तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. भर गावात, मारुतीपुढे, बायका-पोरांदेखत, दुसऱ्याच्या तरण्याताठ्या बायकोला. आईचं रडणं थांबलं. मग पुजारी म्हणाला, "सर, बाईमानूस हाय. शिवू नका. गेल्यावर तरी इटाळू नका." दादानं सरांची गचांडी धरली. सरांनी तोंड वर काढलं, श्वास घेतला आणि म्हणाले, "नंतर मार मला. आधी गाडी आण." आणि परत वाकले.

दुधाचा पिकअप होता. मागे कॅनच्या मध्ये वहिनी, सर, दादा आणि मी. तालुक्याचा सरकारी दवाखाना चाळीस मिनिटांवर. त्या रस्त्यावर सरांनी तिचा श्वास घेतला. मध्ये मध्ये तिच्या कानाशी बोलत होते, आम्हाला कधी बोलले नाहीत इतक्या मऊ आवाजात. "पोरी, तू ऐकते आहेस. डोकं ठीक आहे तुझं, काळीज ठीक आहे. निरोप पोचत नाही एवढंच. भिऊ नकोस. मी फुंकतो, तू थांब." अर्ध्या वाटेत त्यांचे ओठ निळे पडायला लागले. मला म्हणाले, "तू घे आता. दहा फुंकरा. मला दम घेऊ दे."

मागून गावातल्या तीन मोटारसायकली येत होत्या, माणसं बघत होती. दादा बघत होता. ती माझी वहिनी होती, मी तिचा दीर. मी मान खाली घातली. सरांनी एकदाच पाहिलं माझ्याकडे, आणि परत वाकले.

दवाखान्यातल्या लोकांनी तिच्या तोंडावर श्वासाचा फुगा लावला, नळी घातली, विषावरची लस दिली, आणि तिथून नगरला श्वासाच्या मशीनवर नेली. डॉक्टरनं विचारलं, "इथपर्यंत श्वास कुणी दिला?" आम्ही कुणी उत्तर दिलं नाही. सर बाहेर नळापाशी बसून ओकत होते. पाचव्या दिवशी वहिनीचं बोट हललं. पंधराव्या दिवशी ती चालत घरी आली.

आता एखाद्याला वाटेल की गावानं सरांना शाल-नारळ दिला असेल, फेटा बांधला असेल. गावात एकच वाक्य फिरलं, "मास्तरानं उष्टी केली." दादाला ते पारावर ऐकवलं गेलं, वावरात ऐकवलं गेलं. तो तिच्या हातची भाकरी खाईना. महिनाभरात तिला विश्रांतीला म्हणून माहेरी घातली ती परत आणली नाही. ऊसतोडीला कोयता लागतो, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याला मुकादम घेत नाही. दसऱ्याच्या आत दादानं दुसरी केली. ह्या बाबतीत मात्र गावाला काही उष्टंबिष्टं वाटलं नाही.

दादानं संस्थेकडे तक्रार दिली. अध्यक्ष त्याचीच वाट बघत बसले असणार. चौकशी लागली. मला त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. मला कुणी धमकावलं नाही, आमिष दाखवलं नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण तसं झालं असतं तर मला आज बरं वाटलं असतं. अध्यक्ष गोड बोलले. "तू हुशार पोरगा. डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच लिही. सरांनी तोंडाला तोंड लावलं का?" मी लिहिलं, हो. "लोक नको म्हणत होते का?" हो. "नवऱ्याची परवानगी होती का?" नाही. "बाई तेव्हा शुद्धीत दिसत होती का?" नाही. खाली सही. चारही उत्तरं खरी. ती श्वास घेत नव्हती, हे कुणी विचारलं नाही आणि मी लिहिलं नाही. बाहेर दादा उभा होता. मला त्याच घरात जेवायला जायचं होतं.

सर नोकरीत कायम नव्हतेच. एका कागदानं काम झालं. ते गेले त्या दिवशी मी स्टँडवर होतो, लपूनच होतो म्हणा. त्यांनी मला पाहिलं आणि पेटी खाली ठेवून जवळ आले. मला वाटलं, मारतील. बरं झालं असतं.

"तुझी उत्तरं वाचली," ते म्हणाले. "चारही बरोबर. पैकीच्या पैकी." आणि गाडीत चढले.

मी डॉक्टर झालो नाही. एका मार्कानं हुकलं वगैरे लोक सांगतात तसंही काही नाही, चांगला पन्नासेक मार्कांनी हुकलं. नगरमध्ये क्लास घेतो. चेतासंस्थेचा धडा माझ्यासारखा कुणी शिकवत नाही म्हणतात. डेंगळा आणतो, पोरांना रांगेत उभं करून चिंचोके टाकायला लावतो. पोरं मोबाईलवर शूटिंग करतात. ते बरंच फिरलं, त्यावर माझे प्रवेश वाढले. "सर, ही आयडिया कुठून सुचली?" असं विचारतात. सुचली, म्हणतो.

यंदा उन्हाळ्यात जुन्या वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, सर तिकडे अकोले तालुक्यात, आपल्या गावी वारले. खाली अठरा जणांनी हात जोडले. माझेही त्यात होते. मग दोन रात्री झोप लागली नाही, आणि तिसऱ्या दिवशी क्लास बुडवून मी वहिनीच्या माहेरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शेवगावच्या बाजूला, रस्त्यापासून आत. ती शाळेत खिचडी शिजवते आणि शेळ्या पाळते. केस पिकलेत. मला पाहून ती घाबरली नाही की रागावली नाही. "या भावजी," म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"सर गेले," मी म्हणालो.

"ठावं हाय मला. त्यांच्या शेजारनीचा फोन आल्ता."

शेजारणीकडे तिचा नंबर कसा, मी विचारलं. मग तिनं सांगितलं. पाचेक वर्षांमागं ती दोनदा एसटी बदलून त्यांच्या गावी गेली होती. सरांनी तिला घरात घेतलं नाही. ओट्यावर बसवलं. "लोक बोलत्याल म्हनले. इतक्या लांब, तितं कोन वळखतंय मला? पर भ्याले हुते ते." मग वर बघ म्हणाले, डोळे घट्ट मीट म्हणाले, पाणी गिळायला लावलं, आपली बोटं तिच्या मुठीत देऊन दाब म्हणाले. सगळं झाल्यावर म्हणाले, "बरी आहेस. चारची गाडी आहे, जा." तिनं भाकरी-ठेचा बांधून नेला होता. "म्हनले, भाकरीनं डोकं जड हुतं. पर ठिवून घेतली."

"माझं काही बोलले?" हे विचारायलाही लाज वाटायला हवी होती.

"न्हाई."

जरा वेळ ती शेंगा निवडत राहिली. मग म्हणाली, "तवा चौकशीला तुमाला बोलवलं. तुमच्या भावाला बोलवलं. पुजाऱ्याला बी बोलवलं म्हनं. मला कुनी न्हाई इचारलं."

"तुम्ही माहेरी होतात, वहिनी."

"माहेरी हुते. मेले नव्हते." तिनं सूप बाजूला ठेवलं. "कागद हाय का तुमच्याजवळ?"

पिशवीत क्लासच्या परीक्षेचे कोरे कागद होते. एक काढला.

"लिवा," ती म्हणाली, आणि थांबत थांबत सांगत गेली, जणू कित्येक वर्षं पाठ करून ठेवलेलं. "मी मारुतीपुढं पडले हुते. मला समदं ऐकू येत हुतं. सासू रडली ते ऐकलं. नवरा लाकडांचं बघा म्हनला ते ऐकलं. दिरानं पापनी उघडून बत्ती मारली. उजेड दिसला मला. मला वाटलं, हे शिकल्याले हायेत, ह्यांना कळंल."

माझा पेन थांबला.

"लिवा की," ती म्हणाली. "मंग सर आले. त्यांनी तोंड लावलं. त्ये मला पोरी म्हनले. तवर समदी मानसं माझ्याबद्दल बोलत हुती. माझ्याशी त्ये एकटेच बोलले. वाटंत त्यांचा दम सरला, दुसऱ्या कुनी घेतलं न्हाई, तरी त्यांनी सोडलं न्हाई. माझी तक्रार न्हाई."

तिनं कागद घेतला, एकेक अक्षर जुळवत खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं. अंगठा नाही, सही.

"हे कुणाला द्यायचं, वहिनी? सर गेले. अध्यक्षही गेले."

"कुनालाच न्हाई. तुमच्याजवळ ठिवा." कागद माझ्यापुढे सरकवून तिनं आपल्या नावाखालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "आन् हितं तुमी बी सही करा. मागं केल्ती तशी."

मी केली.